मुखत्यार म्हणजे वकील नव्हे

मला एक सल्ला परत घ्यायचा आहे. अडीच वर्षांपूर्वी रास अल खैमाच्या कॉर्निशवर, करक चहाचे कागदी कप हातात धरून, तो मी एका मित्राला दिला होता. त्याचा बदलापूरचा फ्लॅट थकबाकीत गेला होता. कंपनीचा पगार तीन-तीन महिने उशिरा होत होता, हप्ते चुकले होते आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेने फ्लॅटच्या बंद दाराला नोटीस चिकटवल्याचं सोसायटीच्या सेक्रेटरीने फोन करून कळवलं होतं. मी म्हणालो, "मेहुण्याच्या नावाने मुखत्यारपत्र कर. तो बघेल सगळं. कोर्टकचेरीच्या नादाला लागू नकोस, बँका शेवटी तडजोड करतातच."

हे शब्द आखातातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी माणसाने कधी ना कधी कुणाला तरी ऐकवलेले आहेत. तुम्हीही ऐकवले असतील. माझ्या मित्राने ते ऐकले आणि त्याचा फ्लॅट गेला. म्हणून हा लेख. यात मी स्वतःलाही सोडणार नाही आणि तुम्हालाही.

आधी तो मेहुणा. तो वाईट माणूस नाही. त्याने धावपळ केली, रजा टाकल्या, शाखेत जाऊन साहेबांबरोबर चहा घेतला. साहेब "बघतो" म्हणाले. त्याने मित्राला कळवलं, "ओळख निघाली आहे, काळजी करू नकोस." आणि साठ दिवस संपले.

ते साठ दिवस कशाचे होते, हे मेहुण्याला माहीत नव्हतं, मित्राला नव्हतं आणि सल्ला देणाऱ्या मलाही नव्हतं. दारावर लागला होता तो 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) खालचा कागद. कर्ज बुडीत ठरलं, म्हणजे हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला, की बँक किंवा गृहवित्त कंपनी ही नोटीस काढते: साठ दिवसांत सगळं येणं भरा, नाहीतर तारण ताब्यात घेऊ. यासाठी तिला कोर्टात जावं लागत नाही. कायद्याची सगळी धार इथेच आहे. दिवाणी दावा, तारखा, साक्षी, वीस वर्षं, ही आपल्या मनातली कोर्टाची प्रतिमा इथे लागूच होत नाही. ती प्रतिमा मनात असल्यामुळे आपण निवांत राहतो.

या साठ दिवसांत कर्जदाराला लेखी हरकत घेता येते. कलम 13(3अ) प्रमाणे त्या हरकतीला बँकेने पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. माझ्या मित्राने भरलेले दोन हप्ते नोटिशीतल्या हिशेबात धरलेलेच नव्हते. त्याच्या मोबाइलमध्ये दोन्ही पावत्या होत्या. एक पानाचं पत्र पुरलं असतं. त्या पत्राने नोटीस रद्द झाली असती असं मी म्हणत नाही. पण कागदावर वाद उभा राहिला असता, आणि पुढे न्यायाधिकरणात गेल्यावर कागदावरचाच वाद उपयोगी पडतो. मेहुण्याने साहेबांना ही गोष्ट सांगितली होती. तोंडी. चहा पिताना.

आपली खोड ही अशी आहे. आपल्याला वकील नको असतो, ओळख हवी असते. वकील म्हटला की भांडण आलं, फी आली, चारचौघांत बोभाटा आला. ओळखीचा माणूस फुकट असतो, गुपचूप असतो आणि काही झालं नाही तरी त्याला जाब विचारता येत नाही. आपल्याला बहुधा हेच बरं वाटतं.

त्यातून शब्दांचा एक घोळ आहे, तो आधी निस्तरू. इंग्रजीत ॲटर्नी म्हणजे वकीलही आणि मुखत्यारही, म्हणून 'पॉवर ऑफ ॲटर्नी' केली की आपल्याला वाटतं, कायद्याचं माणूस नेमून झालं. मुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या वतीने सही करण्याचा, कागद देण्या-घेण्याचा अधिकार. वकीलपत्र म्हणजे तुमची बाजू मांडण्याचा अधिकार, आणि तो सनद असलेल्या वकिलालाच देता येतो. मेहुण्याला मुखत्यारपत्र देऊन तुम्ही फक्त तुमची सही मुंबईला पाठवलेली असते. तुमची बाजू अजून तुमच्याच खोलीत, नखीलच्या त्या चौथ्या मजल्यावर बसलेली असते.

मुखत्यार तुमच्या जागी साक्षसुद्धा देऊ शकत नाही, म्हणजे जी गोष्ट फक्त तुम्हाला माहीत आहे तिच्याबद्दल. 2004 मध्ये इंडसइंड बँकेविरुद्धच्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. तिथे दोघी अपीलकर्त्यांच्या वतीने त्यांच्यापैकी एकीचे पती मुखत्यार म्हणून साक्षीला उभे राहिले होते. मालमत्तेतला हिस्सा स्वतःच्या पैशाने घेतला का, हे त्या बायकाच सांगू शकतात, मुखत्यार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. नवऱ्याला जे जमलं नाही ते मेहुण्याला जमेल, या भरवशावर आपण सात समुद्रापलीकडे झोपतो.

आता साठ दिवसांनंतरची गोष्ट. ताब्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, आणि तीही सात दिवसांत. ठाणे जिल्ह्यात वाचली जाणारी मराठी वर्तमानपत्रं इथे कुणाच्या खोलीवर येतात? इथे घरी टपालही येत नाही. आपला पत्ता म्हणजे पी.ओ. बॉक्स, तोही कंपनीचा. पत्र आलंच तर आधी पीआरओच्या टेबलावर जाणार. बँकेकडे बहुतेकांनी तोही पत्ता दिलेला नसतो. कर्ज घेताना जो फ्लॅट विकत घ्यायचा त्याचाच पत्ता पत्रव्यवहारासाठी लिहून आपण मोकळे होतो. मग कायदा आपली नोटीस आपल्याच कुलपाला बजावतो. त्यात बेकायदा काही नाही. हे वाचून झाल्यावर आजच्या आज एक काम करा: बँकेला लेखी कळवा की माझा पत्रव्यवहाराचा पत्ता आणि ईमेल हा आहे, आणि पोच घ्या. हप्ते वेळेवर जात असले तरी करा. तेव्हाच करा, खरं तर.

ताब्याची नोटीस निघाली की दुसरं घड्याळ सुरू होतं, पंचेचाळीस दिवसांचं. एवढ्या दिवसांत कलम 17 खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, ज्याला सगळे डीआरटी म्हणतात तिथे, अर्ज करता येतो. माझ्या मित्राचे हे पंचेचाळीस दिवस दोन माणसांनी खाल्ले.

पहिला इन्स्टाग्रामवर भेटला. 'होम लोन सेटलमेंट, 100 टक्के खात्री'. चाळीस हजार रुपये आगाऊ, आणि जेवढं कर्ज माफ होईल त्याचे पंधरा टक्के नंतर. तो वकील नव्हता आणि हे ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही. भारतात वकिलाला जाहिरात करून अशिलं मिळवायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागायलाही बंदी आहे. म्हणजे जो जाहिरात करतो आणि टक्केवारी मागतो, त्याने 'मी वकील नाही' असं स्वतःच सांगितलेलं असतं. किंवा मग 'मी नियम मोडणारा वकील आहे' असं. तुम्हाला दोघांपैकी कुठला हवा? चाळीस हजारांची पावती मिळाली नाही. फोन काही दिवस लागत होता, मग लागेनासा झाला.

दुसरा मात्र खरा वकील होता. कल्याणचा, मेहुण्याच्या साडूच्या ओळखीचा, जमिनीच्या वादांत चांगलं नाव असलेला. त्याने दिवाणी न्यायालयात दावा घातला, मनाईहुकूम मागितला. दोन तारखा पडल्या. तिसऱ्या तारखेला समोरच्या वकिलाने कलम 34 दाखवलं: जे प्रश्न डीआरटीपुढे नेता येतात त्यांत दिवाणी न्यायालयाने पडायचं नाही, मनाईहुकूमही द्यायचा नाही. दावा तिथेच आटोपला. पंचेचाळीस दिवस केव्हाच संपले होते.

'स्थानिक वकील शोधा' असं सगळेच सांगतात, पण स्थानिक म्हणजे कुठला? कागदावर कुठला कायदा लिहिला आहे त्यावरून तो ठरतो. नोटीस सरफेसीची असेल तर वकील डीआरटीत रोज उभा राहणारा हवा. 2016 च्या दुरुस्तीनंतर तारण मालमत्ता जिथे आहे किंवा कर्जखातं ज्या शाखेत आहे, तिथल्या डीआरटीत अर्ज करता येतो. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेच आहेत, तालुक्याला नाहीत. म्हणजे घर खेडमध्ये असेल तरी खेडच्या कोर्टातला वकील या कामाचा असेलच असं नाही, आणि रास अल खैमातला तर नाहीच.

सहकारी बँकेचं कर्ज असेल तरी सरफेसीच. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात 5 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा प्रश्न मिटवला. पण गावच्या पतसंस्थेचं कर्ज असेल तर रस्ता पूर्ण वेगळा. तिथे 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला निघतो, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण मागायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. तिथे सहकाराची कामं करणारा वकील लागतो. डीआरटीतल्या मोठ्या वकिलाला तिथे नेऊन उपयोग नाही.

इथल्या वकिलांबद्दलही बोलू. नोटीस आली की आपल्यातले काही जण नखीलमधल्या एखाद्या लीगल कन्सल्टंटकडे धावतात. तो केरळचा असतो, हिंदी बोलतो, त्यामुळे आपला वाटतो. रास अल खैमाची न्यायव्यवस्था अमिरातीच्या संघीय न्यायालयांपासून वेगळी, स्वतःची आहे. कामकाजाची भाषा अरबी. आणि परदेशी सल्लागार कागद तयार करू शकतो, कोर्टात उभा राहू शकत नाही. बदलापूरच्या फ्लॅटसाठी तर तो काहीच करू शकत नाही. त्याची गरज लागते ती वेगळ्या रोगासाठी, आणि तो रोग आपल्यात भरपूर आहे: तिकडचा हप्ता भरायला इकडे पर्सनल लोन काढायचं. इथल्या मध्यवर्ती बँकेच्या नियमांनी पगाराच्या वीस पटींपर्यंत कर्ज मिळतं, अठ्ठेचाळीस महिन्यांत फेडायचं असतं. तिकडच्या वीस वर्षांच्या कर्जाचं भोक बुजवायला चार वर्षांचं कर्ज. नोकरी गेली की दोन्ही एकदम बुडतात. "मग देश सोडून जाऊ" हा जुना मार्गही आता उरलेला नाही. 17 जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने भारताने अमिरातीला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 44अ खाली आणलं. इथल्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीला नेता येतो. कर्ज विमानात तुमच्या शेजारी बसून येतं.

हे सगळं लिहितो आहे तेव्हा मला तुमचा आक्षेप ऐकू येतो आहे. कर्ज घेतलं तर फेडायला नको का? वकील लावून बँकेला छळायचं का? फेडायलाच हवं. वकील कर्ज पुसत नाही, आणि पुसतो असं सांगणाऱ्याकडे जाऊ नका. पण कर्ज फेडणं आणि घर कवडीमोलाने जाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला वकील हप्ते आणि व्याजाचा हिशेब तपासतो, नोटिसा नीट बजावल्या गेल्या का ते बघतो, न्यायाधिकरणापुढे काही रक्कम भरून मुदत मागतो. मुख्य म्हणजे तो तुम्हाला एक कटू गोष्ट वेळेवर सांगतो: हे घर तुला झेपत नाही, लिलावाआधी स्वतः विक. 13(2) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, पण संमती घेऊन विकता येतं. स्वतः शोधलेलं गिऱ्हाईक लिलावातल्या बोलीपेक्षा बहुधा जास्त देतं. लिलावाला येणारा माणूस स्वस्तात मिळेल म्हणूनच आलेला असतो.

दुसरा आक्षेप फीचा. वकील लुबाडतात. काही लुबाडतात, मान्य. मेहुण्याच्या साडूचा वकील दोन तारखांचे पैसे घेऊन बसला, तो काय कमी लुबाडणं होतं? कर्जदाराला डीआरटीत अर्ज करायला दहा लाखांपर्यंतच्या येण्यावर लाखाला पाचशे आणि त्यापुढे पाच हजार अधिक प्रत्येक लाखाला अडीचशे रुपये शुल्क आहे. बत्तीस लाखांचं येणं असेल तर 10,500 रुपये. गणपतीला गावी जायच्या तिकिटाला आपण याहून जास्त मोजतो. आणि 2004 साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अर्जाआधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरण्याची अट रद्द केली, त्यामुळे दार ठोठावायला आधी पैशांची थैली लागत नाही. थैली लागते ती वर, अपिलाच्या न्यायाधिकरणात. तिथे निम्मी रक्कम, फार तर पाव रकमेपर्यंत कमी करून, भरावीच लागते. म्हणून खालीच, पहिल्याच वेळी, नीट वकील हवा. पहिली फेरी ओळखीच्या माणसावर उधळायची आणि दुसऱ्या फेरीत मोठा वकील आणायचा, ही आपली पद्धत इथे सर्वांत महाग पडते.

ज्यांच्याकडे खरोखरच पैसे नाहीत त्यांच्यासाठीही एक दार आहे, आणि ते आपण कधी ठोठावत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्या कायद्यात 'न्यायालय' म्हणजे न्यायाधिकरणंसुद्धा. माझ्या मित्राची आई सहकर्जदार होती. संगमेश्वर तालुक्यात गावी राहते. ती रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन अर्ज करू शकली असती. पण तिला तर कुणी सांगितलंच नव्हतं की घर अडचणीत आहे. "आईला कशाला त्रास." ती कागदावर कर्जदार होती, नोटिशीत तिचं नाव होतं, आणि तिला आम्ही सगळ्यांनी मिळून अंधारात ठेवलं.

लाज. या सगळ्याच्या मुळाशी ती आहे. आपण इथे कोण आहोत याची एक गोष्ट गावाकडे सांगून ठेवलेली असते. सिरॅमिकच्या कारखान्यात शिफ्ट करणारा गावी 'दुबईला' असतो. रास अल खैमा हे नावसुद्धा सांगत नाही, कारण ते कुणाला माहीत नसतं. अशा माणसाने हप्ता थकलाय असं कुणाला सांगायचं? मंडळाच्या दिवाळी पहाटेला? आपल्या मंडळांत ढोल-ताशा आहे, मिसळ आहे, नाट्यप्रयोग आहेत, मुलांसाठी मराठी शाळा आहे. वर्षातून एकदा एखाद्या डीआरटीच्या वकिलाला झूमवर बोलावून तासभर प्रश्न विचारले, असं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. ज्या सभागृहात शंभर जण बसतात त्यातल्या किती जणांवर घराचं कर्ज आहे? जवळजवळ सगळ्यांवर.

या लाजेवर वसुली एजंट जगतात. फोन येतो: "साहेब, लुकआउट नोटीस निघाली आहे, मुंबई विमानतळावर उतरलात की आत." आणि माणूस आईच्या आजारपणालाही जात नाही. घरकर्जाचा हप्ता थकणं हा मुळात दिवाणी मामला आहे. सरकारी बँकांच्या प्रमुखांना लुकआउट मागण्याचा दिलेला अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने 23 एप्रिल 2024 रोजी रद्द ठरवला. याचा अर्थ सगळं माफ असा नव्हे: धनादेश परत गेला किंवा खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशांअभावी परत गेला, तर त्यावर फौजदारी तक्रार होऊ शकते. 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्यात तसं कलम आहे. तुमच्या बाबतीत यातलं काय खरं आणि काय धमकी, हेसुद्धा वकीलच सांगू शकतो. एजंट सांगणार नाही.

मित्राच्या फ्लॅटकडे परत जातो. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा कलम 14 खालचा आदेश झाला. एका सकाळी महसूलची माणसं, पोलीस आणि वित्तसंस्थेचे लोक आले, कुलूप तोडलं, पंचनामा केला. मेहुण्याने व्हिडिओ कॉल लावला. आम्ही दोघं इथे माझ्या गाडीत बसून बघत होतो. देव्हारा, गॅसची शेगडी, आईची शिलाई मशीन, एकेक वस्तू कुणीतरी मोठ्याने वाचत होतं आणि दुसरा लिहून घेत होता. 'शिलाई मशीन, जुनी, एक नग.' मित्र काही बोलला नाही. कॉल तुटल्यावर फक्त म्हणाला, "जुनी कशी? चालू आहे ती."

मग लिलावाची नोटीस निघाली. तेव्हा कुठे तो हादरला आणि त्याने सगळं सगळ्यांना सांगितलं. भावाने सोसायटीतून कर्ज काढलं, बहिणीने बांगड्या दिल्या, मी आणि आणखी तिघांनी इथून पैसे उभे केले. सगळी थकबाकी, व्याजासकट, जमली. जाहिरात छापून नऊ दिवस झाले होते. वित्तसंस्थेने पैसे घेतले नाहीत.

2016 पर्यंत कलम 13(8) प्रमाणे विक्रीसाठी ठरलेल्या तारखेपर्यंत सगळं येणं भरून तारण सोडवता येत होतं. 1 सप्टेंबर 2016 पासून ही मुदत लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आली. बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 21 सप्टेंबर 2023 ला त्यावर शिक्कामोर्तब केलं. नवी मुंबईतल्या औद्योगिक भूखंडाचा मामला होता. युनियन बँकेच्या लिलावात 105 कोटी 5 लाखांची बोली मंजूर झाली होती. कर्जदार 129 कोटी भरायला तयार झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने त्याला परवानगीही दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. जाहिरात निघाली, हक्क संपला. कोट्यवधींच्या भूखंडावरून झालेला हा निकाल बदलापूरच्या वन बीएचकेलाही तसाच लागू होतो. मला हा कायदा कठोर वाटतो. लिलाव पवित्र राहावा म्हणून, पैसे घेऊन दारात उभ्या असलेल्या घरमालकाला परत पाठवावं, हे माझ्या गळी उतरत नाही. पण माझ्या गळी उतरो न उतरो, ही तारीख तुमच्या मेहुण्याला माहीत नसते. वकिलाला माहीत असते.

आता तुम्ही विचाराल, रास अल खैमात बसून मुंबई-पुण्यातला असा वकील शोधायचा कसा. मित्राने शेवटी शोधला तसा. डीआरटीचे आदेश सरकारी संकेतस्थळावर वाचायला मिळतात. आदेशाच्या सुरुवातीला कोणाच्या बाजूने कोण वकील उभे होते त्यांची नावं असतात. दोन रात्री बसून त्याने कर्जदारांच्या बाजूने वारंवार येणारी नावं काढली. बँकांच्या बाजूची नावं वेगळी केली, कारण तुमच्याच बँकेच्या पॅनेलवरचा वकील तुम्हाला चालणार नाही. पाच जणांना ईमेल केली, नोटीस जोडून. तिघांची उत्तरं आली. त्यातल्या एका बाईंनी पहिल्याच उत्तरात विचारलं, "ताब्याच्या नोटिशीची तारीख काय, आणि वर्तमानपत्राचं कात्रण आहे का?" बाकी दोघांनी फी सांगितली होती. त्याने त्या बाईंनाच नेमलं. त्याआधी त्यांचा सनद क्रमांक विचारून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे खातरी करून घेतली. विचारताना तो ओशाळला होता. बाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

कागदांचं म्हणाल तर वकीलपत्रावर सही तुम्हीच करायची. मुखत्यारपत्र लागलंच तर मर्यादित करा: या एका प्रकरणात प्रतिज्ञापत्रं, अर्ज, नकला, एवढंच. विक्रीचा अधिकार घालू नका. इथल्या लोकांसाठी ते दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या शिक्क्याने केलेलं सर्वांत सोपं; आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर तिथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. हे तीन महिनेही लोक विसरतात आणि ऐन वेळी कागद बाजूला पडतो.

त्या बाईंनी फ्लॅट वाचवला नाही. लिलावाच्या नोटिशीला त्यांनी आव्हान दिलं, न्यायाधिकरणाने ऐकून घेतलं, पण स्थगिती मिळाली नाही. त्यांनी एक गोष्ट मात्र केली. लिलावाचा आकडा आणि येणं यांची वजाबाकी करून कलम 13(7) प्रमाणे वरची रक्कम मागितली. विक्रीतून येणं आणि खर्च वळता झाल्यावर उरेल ते ज्याचं त्याला द्यायचं, असं कायदाच सांगतो. मित्राला वाटत होतं, लिलाव म्हणजे सगळं गेलं. मेहुण्यालाही तसंच वाटत होतं, आणि त्या शाखेतल्या साहेबांनी चहा पिताना याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. चार महिन्यांनी 3 लाख 60 हजार रुपये खात्यात आले. बांगड्या आधी सुटल्या.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं रजा टाकून दुबईला गेलो, जुनं मुखत्यारपत्र रद्द करायच्या कागदावर शिक्का घ्यायला. रांगेत आमच्या पुढे साताऱ्याकडचा एक मुलगा होता, हातात पाच पानांचा कागद. मित्राने विचारलं, "कशाचं आहे?" तो म्हणाला, "काही नाही हो, गावी घराचं जरा बँकेचं चालू आहे. चुलत्याच्या नावाने करतोय. त्याची ओळख आहे तिथे." मित्राने त्याच्याकडून तो कागद मागून घेतला आणि विक्रीचं कलम कुठल्या पानावर आहे ते शोधू लागला.